मानवजातीचा कैवारी : लुई पाश्चर

फ्रान्स देशाच्या पूर्व भागात ज्यूरा नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. या प्रदेशात आर्ब्वा नावाचे लहानसे गाव वसलेले आहे. गावाभोवती द्राक्षांचे मळे, मधून वाहणारी नदी आणि मागे डोंगरांची रांग, असे तेथील शांत व प्रसन्न दृश्य आहे. परंतु १८३१ साली या शांत प्रदेशावर एक मोठे संकट कोसळले. एक पिसाळलेला लांडगा रानातून बाहेर पडला आणि वाटेत भेटेल त्या माणसाला व जनावराला चावत सुटला. सारा परिसर भयभीत होऊन गेला.

त्या काळी अशा दंशावर एकच उपाय ठाऊक होता. लोहाराच्या भट्टीत लोखंडाची सळई लाल होईपर्यंत तापवावयाची आणि तिने जखम डागावयाची! लांडग्याने चावलेल्या माणसांना आर्ब्वा येथील लोहाराकडे आणण्यात आले. त्यांच्या किंकाळ्यांनी गल्ली दुमदुमून गेली. जवळच राहणारा एक मुलगा तो भयंकर प्रकार पाहत होता. त्याला नववे वर्ष पुरे व्हावयाचे होते. एवढ्या यातना सोसूनही त्या दुर्दैवी जीवांपैकी कित्येक पुढे तडफडून मेले. डागणीची ती दृश्ये व तो आक्रोश त्या बालकाच्या मनावर कायमचा कोरला गेला. पुढे चौपन्न वर्षांनी याच मुलाने त्या रोगावर विजय मिळविला. त्याचे नाव लुई पाश्चर.

लुईचा जन्म २७ डिसेंबर १८२२ रोजी दोल या गावी झाला. त्याचे वडील नेपोलियनच्या सैन्यात शिपाई होते. शौर्याबद्दल त्यांना पदकही मिळाले होते. युद्ध संपल्यावर त्यांनी कातडी कमावण्याचा आपला वडिलोपार्जित धंदा पुन्हा सुरू केला. लुई लहान असतानाच हे कुटुंब आर्ब्वा येथे येऊन राहिले. घरची परिस्थिती बेताची होती. पण आपल्या मुलाने शिकून शिक्षक व्हावे, अशी वडिलांची मोठी आकांक्षा होती.

शाळेत लुई फार हुशार म्हणून गणला जात नसे. त्याला नाद होता तो चित्रे काढण्याचा. त्याने रंगीत खडूंनी काढलेली आपल्या आईवडिलांची चित्रे आजही जपून ठेवलेली आहेत. त्याचा स्वभाव सावकाश काम करण्याचा. पण एकदा हाती घेतलेली गोष्ट तो अर्धवट सोडीत नसे. पंधराव्या वर्षी त्याला शिक्षणासाठी पॅरिसला पाठविण्यात आले. मात्र त्या अफाट शहरात त्याचे मन रमेना. आईवडिलांची आठवण होऊन तो व्याकूळ होई. घरी येणारा कातड्यांचा वासदेखील त्याला हवाहवासा वाटू लागला. अखेर थोड्याच आठवड्यांत वडील स्वतः पॅरिसला आले आणि मुलाला घरी घेऊन गेले. पहिला प्रयत्न असा फसला. परंतु लुईने शिक्षणाचा ध्यास सोडला नाही. आधी जवळच्या बझांसाँ शहरी अभ्यास करून त्याने पॅरिसच्या एकोल नॉर्माल या नामांकित विद्यालयाची प्रवेशपरीक्षा दिली. तो उत्तीर्ण झाला; पण आपला क्रमांक खाली लागला म्हणून त्याचे समाधान होईना. त्याने प्रवेश घेतलाच नाही. आणखी एक वर्ष कसून अभ्यास केला आणि १८४३ साली वरच्या क्रमांकाने तो त्या विद्यालयात दाखल झाला.

पाश्चर यांचे पहिले मोठे संशोधन रसायनशास्त्रातील होते. १८४८ साली, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी, त्यांनी द्राक्षरसापासून मिळणाऱ्या एका आम्लाचे स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. उजवा हात व डावा हात जसे एकमेकांची प्रतिबिंबे असतात, तसे त्या स्फटिकांचे दोन प्रकार आहेत, हे त्यांच्या तीक्ष्ण दृष्टीने हेरले. चिमट्याने एकेक स्फटिक उचलून त्यांनी दोन वेगळ्या राशी केल्या. या शोधाने त्यांचे नाव विद्वानांत झाले. पुढच्याच वर्षी मारी लॉराँ या तरुणीशी त्यांचा विवाह झाला. या बाईंनी पतीच्या कार्याला जन्मभर साथ दिली. त्या त्यांची टिपणे लिहून काढीत व प्रयोगांची चर्चा मन लावून ऐकत.

१८५४ साली पाश्चर लील या शहरी प्राध्यापक म्हणून गेले. तेथील एका कारखानदाराचे मद्यार्क वारंवार नासत असे. त्याचे कारण शोधता शोधता पाश्चर यांना एका नव्याच सृष्टीचे दर्शन घडले. डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव रस आंबवितात व नासवितातही, हे त्यांनी सिद्ध केले. हे जीव आपोआप उत्पन्न होतात, असे पुष्कळ विद्वान त्या काळी मानीत. पाश्चर यांनी हंसाच्या मानेसारख्या वाकड्या नळीचे काचपात्र तयार केले. त्यात रस उकळून ठेवला. हवेतील धूळ नळीच्या वळणात अडकून पडली आणि रस महिनोन्महिने जसाच्या तसा राहिला. पात्राची मान मोडताच मात्र तो थोड्याच दिवसांत नासला. जीवापासूनच जीव निर्माण होतो, हे सत्य अशा रीतीने साध्या प्रयोगाने प्रस्थापित झाले. द्रव पदार्थ ठराविक उष्णतेपर्यंत तापवून त्यातील अपायकारक जंतू मारण्याची रीतही त्यांनी शोधून काढली. तिलाच पाश्चरीकरण म्हणतात. आज दुधाच्या पिशवीवर छापलेल्या त्या शब्दात पाश्चर यांचेच नाव दडलेले आहे.

नंतर फ्रान्समधील रेशमाच्या किड्यांवर रोग पडला आणि हजारो कुटुंबांचा धंदा बुडू लागला. सरकारने पाश्चर यांना पाचारण केले. रेशमाच्या किड्यांविषयी त्यांना काहीही माहिती नव्हती. तरी त्यांनी काम पत्करले आणि अनेक वर्षे खपून रोगी किडे ओळखण्याची रीत बसवून दिली. याच काळात त्यांच्यावर दुःखाचे डोंगर कोसळले. १८६५ साली वडील वारले. त्यांच्या पाच मुलांपैकी तीन मुली १८५९ ते १८६६ या सात वर्षांत आजाराने गेल्या. १८६८ साली स्वतः पाश्चर यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांचे डावे अंग दुबळे झाले. त्या वेळी ते अवघे पंचेचाळीस वर्षांचे होते. दुसरा कोणी असता तर त्याने हाय खाल्ली असती. पाश्चर मात्र तीन महिन्यांच्या आत काठी टेकीत पुन्हा कामावर निघाले. त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठी कामे या झटक्यानंतर झाली, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

सूक्ष्म जंतू जर रस नासवितात, तर माणसांना व जनावरांना होणारे रोगही त्यांच्यामुळेच होत असतील, असा विचार आता त्यांच्या मनात पक्का झाला. इंग्लंडमध्ये एडवर्ड जेन्नर याने १७९६ साली गाईच्या देवीची लस टोचून माणसाला देवीच्या रोगापासून वाचविण्याची रीत शोधली होती. परंतु इतर रोगांवर असा उपाय कसा करावा, हे कोणास ठाऊक नव्हते. कोंबड्यांच्या एका साथीचा अभ्यास करीत असता १८७९-८० मध्ये पाश्चर यांना आढळले की, रोगाचे जंतू फार दिवस ठेवले तर त्यांचे बळ क्षीण होते. आणि असे क्षीण जंतू टोचलेल्या कोंबड्यांना पुढे तो रोग बाधत नाही. शत्रूला दुबळे करून त्यालाच आपला पहारेकरी नेमावयाचे, अशी ही युक्ती होती! १८८१ साली त्यांनी मेंढ्या व गुरे यांना होणाऱ्या काळपुळीच्या रोगावर जाहीर प्रयोग केला. चोवीस मेंढ्यांना लस टोचली, चोवीस मेंढ्या तशाच ठेवल्या, आणि मग सर्वांना रोगाचे जोरदार जंतू टोचले. ठरलेल्या दिवशी लोक पाहावयास जमले, तेव्हा लस टोचलेल्या मेंढ्या चरत होत्या व इतर मेंढ्यांपैकी बहुतेक मरून पडल्या होत्या. विरोधकांची तोंडे बंद झाली.

आता पाश्चर बालपणी पाहिलेल्या त्या शत्रूकडे वळले. पिसाळलेल्या जनावराच्या चाव्याने होणाऱ्या या रोगाला अलर्क किंवा रेबीज असे म्हणतात. या रोगाने मरणाऱ्यांची संख्या इतर साथींच्या मानाने थोडी असे. पण त्याच्याइतका भयंकर मृत्यू दुसरा नव्हता. रोग्याचा घसा तहानेने कोरडा पडतो. पण पाण्याचा पेला पुढे केला की, त्याच्या घशाचे स्नायू आवळले जातात आणि तो भीतीने थरथर कापू लागतो. म्हणून या रोगास जलसंत्रास असेही नाव आहे. त्याची लक्षणे एकदा दिसू लागली की, रोगी वाचण्याची आशा जवळजवळ राहत नाही.

डिसेंबर १८८० मध्ये पॅरिसच्या एका रुग्णालयात या रोगाने पाच वर्षांचे एक बालक मरण पावले. तेव्हापासून पाश्चर यांनी कामास प्रारंभ केला. हे काम जिवावरचे होते. पिसाळलेल्या कुत्र्याची लाळ मिळविण्यासाठी एकदा त्याला बाकावर घट्ट बांधण्यात आले. पाश्चर यांनी काचेची नळी ओठांत धरली आणि त्या खवळलेल्या जनावराच्या जबड्यातील लाळ थेंब थेंब करून ओढून घेतली. एक थेंब तोंडात गेला असता, तर त्यांचा प्राण गेला असता.

परंतु या रोगाचा जंतू काही केल्या सूक्ष्मदर्शकातून दिसेना. तो कोणत्याही रसात वाढेना. याचे कारण आज आपणांस माहीत आहे. तो जंतू नसून विषाणू आहे आणि विषाणू इतके सूक्ष्म असतात की, साध्या सूक्ष्मदर्शकाला ते दिसत नाहीत. ज्या शत्रूला पाहता येत नाही, त्याच्याशी लढावयाचे कसे? पाश्चर यांनी रोगाची लक्षणे बारकाईने पाहिली. रोगी भ्रमिष्ट होतो, त्याला झटके येतात, त्याचे अंग लुळे पडते. त्या अर्थी रोगाचे विष मेंदूत व मज्जारज्जूत असले पाहिजे, असा त्यांनी तर्क केला. हा तर्क बरोबर ठरला. रसात न वाढणारे हे विष त्यांनी सशांच्या शरीरात वाढविले.

मुक्या जनावरांवर शस्त्रक्रिया करणे पाश्चर यांना फार जड जाई. त्यांचे तरुण सहकारी डॉक्टर एमिल रू यांनी हे नाजूक काम आपल्या अंगावर घेतले. रोगाने मेलेल्या सशाच्या मज्जारज्जूचा तुकडा काचपात्रात टांगून ठेवावयाचा व आतील हवा कोरडी राखावयाची, अशी त्यांची रीत होती. दिवस जातील तसतसे त्या तुकड्यातील विषाचे बळ कमी होई आणि चौदा-पंधरा दिवसांनी ते जवळजवळ नाहीसे होई. प्रथम अगदी दुबळा व मग क्रमाक्रमाने अधिक ताजा तुकडा पाण्यात कालवून कुत्र्यांना टोचला असता, त्या कुत्र्यांना पुढे रोग होत नसे.

या रोगाचा एक विशेष पाश्चर यांच्या ध्यानात आला होता. चावा बसल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत बहुधा कित्येक आठवडे, कधी कधी महिनेही जातात. विष मज्जातंतूंच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे जात असते. ते मेंदूपर्यंत पोचण्यापूर्वीच लस देऊन शरीराला सज्ज केले तर? ही एक शर्यतच होती. कुत्र्यांच्या बाबतीत पुष्कळ यश आले होते. परंतु माणसाला टोचण्याचे धाडस कोणी करावे? पाश्चर वैद्य नव्हते. प्रयोग फसला आणि टोचलेल्या मनुष्याचाच प्राण गेला, तर त्या मृत्यूचा दोष त्यांच्या माथी येणार होता.

६ जुलै १८८५ या दिवशी हा प्रश्न त्यांच्या दाराशी येऊन उभा राहिला. आल्सेस प्रांतातील एक माता आपला नऊ वर्षांचा मुलगा जोसेफ मायस्टर याला घेऊन आली होती. दोन दिवसांपूर्वी तो एकटाच वाटेने जात असता एका पिसाळलेल्या कुत्र्याने त्याच्यावर झडप घातली. बिचाऱ्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले. कुत्र्याने त्याला हात, मांड्या व पाय मिळून चौदा ठिकाणी फाडले होते. मुलाला धड चालताही येत नव्हते.

पाश्चर यांचे अंतःकरण कळवळले. पण त्यांनी उतावीळपणा केला नाही. त्यांनी व्हुल्पियान व ग्राँशे या दोन नामवंत डॉक्टरांना बोलावून जखमा दाखविल्या. काही केले नाही तर मुलाचा मृत्यू जवळजवळ अटळ आहे, असे दोघांचेही मत पडले. तेव्हा त्याच दिवशी संध्याकाळी डॉक्टर ग्राँशे यांनी चौदा दिवसांहून अधिक सुकलेल्या मज्जारज्जूचे द्रावण जोसेफला टोचले. टोचणीचे नाव ऐकून आधी रडणारा जोसेफ ती बारीकशी टोच सोसल्यावर शांत झाला.

त्या दिवसापासून दररोज अधिक ताजे, म्हणजे अधिक जहाल द्रावण टोचले जाऊ लागले. जोसेफ मात्र प्रयोगशाळेच्या आवारात ससे, गिनीपिग व कोंबड्या यांच्यात आनंदाने खेळत असे. त्या लहानग्या जनावरांना मारू नये, म्हणून तो पाश्चर यांच्याकडे हट्ट धरी आणि पाश्चर तो पुरवीत. रात्री मुलगा गाढ झोपे. परंतु पाश्चर यांच्या डोळ्याला डोळा लागत नसे. तो गुदमरत आहे, असे भास त्यांना होत. १६ जुलै रोजी तेरावी व शेवटची टोचणी झाली. या वेळचे विष इतके ताजे होते की, त्याने निरोगी ससा निश्चित मेला असता. पुढे दिवस गेले, आठवडे लोटले. पण जोसेफच्या अंगी रोगाचे चिन्ह दिसले नाही. तो सुखरूप आपल्या घरी गेला. मोठेपणी तोच पाश्चर संस्थेत द्वारपालाचे काम करू लागला.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. पाश्चर यांच्या टिपणवह्या त्यांच्या मृत्यूनंतर पुष्कळ वर्षांनी अभ्यासकांना पाहावयास मिळाल्या. त्यांवरून असे दिसते की, जोसेफला टोचण्यापूर्वी नेमक्या या रीतीचे कुत्र्यांवरील प्रयोग पुरे झालेले नव्हते. डॉक्टर रू यांनाही ही घाई पटली नव्हती. हल्ली कोणतेही नवे औषध माणसाला देण्यापूर्वी कठोर कसोट्या लावतात, त्या अशाच प्रसंगांतून माणसाला सुचल्या. पाश्चर महान होते. पण ते माणूस होते आणि त्या रात्री त्यांना झोप का येत नसे, ते यावरून ध्यानात येते.

ऑक्टोबर १८८५ मध्ये दुसरा प्रसंग आला. ज्यूरा प्रांतातील ज्याँ-बाप्तिस्त ज्युपिय या पंधरा वर्षांच्या गुराख्याने आपल्याहून लहान मुलांना वाचविण्यासाठी पिसाळलेल्या कुत्र्याशी झुंज घेतली. त्याने कुत्र्याला ठार मारले. पण त्याचे हात छिन्नविच्छिन्न झाले. सहा दिवसांनी त्याच्यावर उपचार सुरू झाले आणि तो शूर मुलगा वाचला. ही झुंज दाखविणारा पुतळा आजही पॅरिसच्या पाश्चर संस्थेत उभा आहे.

पण प्रत्येक वेळी यश लाभले नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात दहा वर्षांच्या एका मुलीला तिचे आईबाप घेऊन आले. कुत्रा तिला डोक्याला चावला होता आणि त्यालाही सदतीस दिवस उलटून गेले होते. आता उशीर झाला आहे, हे पाश्चर यांना समजत होते. मुलगी दगावली, तर नव्या उपचाराचीच अपकीर्ती होईल व पुढे येणारे रोगी भिऊन माघारी फिरतील, हेही त्यांना कळत होते. तरीही त्या आईबापांचे अश्रू पाहून त्यांना नाही म्हणवेना. त्यांनी उपचार केले. परंतु डिसेंबरच्या आरंभी मुलगी वारली. पाश्चर तिच्या बिछान्याजवळ बसून होते. बाहेर पडल्यावर त्यांना अश्रू आवरले नाहीत. विरोधकांनी त्यांच्यावर टीकेची झोड उठविली. पण पाश्चर यांनी आपले दार कोणालाही बंद केले नाही.

मार्च १८८६ मध्ये रशियाच्या स्मोलेन्स्क भागातून एकोणीस शेतकरी आले. त्यांना पिसाळलेल्या लांडग्याने फाडले होते. पाश्चर या एका शब्दाखेरीज त्यांना फ्रेंच भाषा येत नव्हती. लांडग्याचा चावा कुत्र्याच्या चाव्याहून घातक असतो. तरी त्या एकोणिसांपैकी सोळा जण वाचून स्वदेशी परतले. ज्या संकटाने पाश्चर यांचे बालपण हादरवून सोडले होते, तेच लांडग्याचे संकट आता त्यांच्या हातून हटले होते. इंग्लंडमधील तज्ज्ञांनीही स्वतंत्र प्रयोग करून त्यांचे म्हणणे खरे असल्याचा निर्वाळा दिला.

जगभरातून रोग्यांची रीघ लागली. जुनी प्रयोगशाळा अपुरी पडू लागली. तेव्हा लोकवर्गणीतून मोठी संस्था उभारण्याचे ठरले. राजेमहाराजांपासून गरीब कामकऱ्यांपर्यंत सर्वांनी देणग्या पाठविल्या. रशियाच्या सम्राटाने एक लक्ष फ्रँक दिले. आणि आल्सेस प्रांतातून आलेल्या यादीत लहानग्या जोसेफ मायस्टरचेही नाव होते! १४ नोव्हेंबर १८८८ रोजी पाश्चर संस्थेचे उद्घाटन झाले. त्या वेळी पाश्चर यांचा कंठ इतका दाटून आला की, त्यांचे भाषण त्यांच्या मुलाने वाचून दाखविले.

या संस्थेचा प्रकाश आपल्या देशापर्यंतही पोचला. तेथे काम केलेले वाल्डेमार हाफकिन हे शास्त्रज्ञ १८९३ साली भारतात आले. १८९६ साली मुंबईत प्लेगची भयंकर साथ सुरू झाली, तेव्हा त्यांनी मुंबईतच प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. मुंबईतील परळ येथील हाफकिन संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते. १९०० साली हिमालयातील कसौली येथे भारतातील पहिली पाश्चर संस्था निघाली आणि श्वानदंशावरील उपचार आपल्या लोकांनाही मिळू लागले.

पाश्चर यांच्या पश्चात शास्त्रज्ञांनी त्यांचे काम पुढे नेले. १९२५ नंतर त्रिनिदाद बेटात गुरे व पाठोपाठ माणसे लुळी पडून मरू लागली. कुत्रा तर कोणालाच चावलेला नव्हता. १९३१ साली त्या बेटावरील डॉक्टर जोसेफ लेनॉक्स पवन यांनी मृतांचे मेंदू तपासले आणि तो रोग अलर्कच असल्याचे ओळखले. रात्री येऊन झोपलेल्या प्राण्यांचे रक्त पिणारी वटवाघळे तो पसरवीत होती. अशी रक्त पिणारी वटवाघळे फक्त अमेरिका खंडात आढळतात; आपल्याकडे ती नाहीत. १९५६ साली आफ्रिकेतील लागोस येथे फळे खाणाऱ्या वटवाघळांत अलर्काच्या विषाणूचा एक भाऊबंद सापडला. १९९६ साली ऑस्ट्रेलियातील वटवाघळांत आणखी एक सापडला. यांपैकी ऑस्ट्रेलियातील विषाणूवर अलर्काची आजची लस उपयोगी पडते. लागोसच्या विषाणूवर मात्र तिचा भरवसा धरता येत नाही. म्हणजे पाश्चर यांनी सुरू केलेली लढाई अजून संपलेली नाही.

पुणे येथील राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेची स्थापना १९५२ साली झाली. तेथील शास्त्रज्ञ प्राण्यांपासून माणसांना होणाऱ्या अशाच रोगांचा शोध घेत असतात. २०२० साली त्यांनी महाबळेश्वर येथील एका गुहेतील वटवाघळे तपासली. त्यांपैकी काहींच्या रक्तात निपा नावाच्या घातक विषाणूच्या संसर्गाच्या खुणा आढळल्या. म्हणून वटवाघळांना मारावे, असा मात्र याचा अर्थ नव्हे. ती असंख्य कीटक खातात, रानात बिया पसरवितात आणि फुलांचे परागण करतात. त्यांना हात न लावणे, त्यांच्या गुहांत व वसतिस्थानांत शिरून उपद्रव न देणे आणि त्यांनी उष्टावलेली फळे न खाणे, हाच खरा शहाणपणा होय.

आपल्या देशात अलर्क मुख्यतः कुत्र्याच्या चाव्यानेच होतो आणि आजही तो अनेकांचे बळी घेतो. पाश्चर यांच्या काळातील लस आता वापरीत नाहीत; तिच्या जागी अधिक निर्धोक लस आली आहे व ती थोड्याच टोचण्यांत देता येते. कुत्रा, मांजर, माकड किंवा वटवाघूळ चावले अथवा ओरबाडले, तर जखम वाहत्या पाण्याने व साबणाने निदान पंधरा मिनिटे धुवावी. तिच्यावर हळद, चुना किंवा तिखट लावू नये. घरच्या मोठ्या माणसांना लगेच सांगावे व विलंब न करता दवाखान्यात जाऊन लस घ्यावी. भीतीने चावा लपवून ठेवणे, यासारखी घोडचूक दुसरी नाही.

२७ डिसेंबर १८९२ रोजी पाश्चर यांची सत्तरी पॅरिस येथे मोठ्या थाटाने साजरी झाली. देशोदेशींचे विद्वान त्यांना वंदन करण्यास आले होते. २८ सप्टेंबर १८९५ रोजी या थोर पुरुषाने इहलोकीची यात्रा संपविली. पॅरिसमधील पाश्चर संस्थेच्याच तळघरात त्यांची समाधी आहे.

लोहाराच्या दारातील आक्रोश त्या दिवशी अनेकांनी ऐकला असेल. इतर लोक हळहळले व आपापल्या कामाला लागले. परंतु एका मुलाने तो आक्रोश मनात जपून ठेवला आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी आपले आयुष्य वेचले. दुसऱ्याचे दुःख पाहून हळहळणे सोपे असते. ते दूर करण्यासाठी वर्षानुवर्षे झटणे कठीण असते. जो असे झटतो, त्याला देशाच्या सीमा उरत नाहीत. लुई पाश्चर यांना साऱ्या मानवजातीने आपला कैवारी मानले, ते याचमुळे होय.